हरण्याला डाग दिला तो रविवार

माझी आई देवाशी भांडायची. बाकीच्या बायका देवळात जाऊन हात जोडायच्या, डोळे मिटून काहीबाही पुटपुटायच्या आणि कपाळाला अंगारा लावून घरी यायच्या. आमची आई सिदोबापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि पाठच्या भावाशी बोलावं तशी मोठ्यानं बोलायची. “काय रं सिदोबा, मटकी वाळून चालली, तुला दिसत न्हाई व्हय?” गुरव तोंडाला उपरणं लावून हसायचा आणि मी लाजेनं तिचा पदर ओढायची. एकदा मी म्हटलं, “आये, देवाला असं बोलत्यात व्हय गं?” तर म्हणाली, “मग कसं बोलायचं? मामलेदार हाय का त्यो, वाकून बोलाया?” पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, सांगलीत आयुष्य काढलं, चांगली चांगली प्रवचनं ऐकली, पण देवाविषयी याहून जास्त काही माझ्या टाळक्यात शिरलं असं मला वाटत नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर सूनबाई वही आणून देते आणि म्हणते, लिहा. सकाळी कुपवाडकडचा कारखान्याचा भोंगा झाला की मी लिहायला बसते.

आमची वाडी माण तालुक्यात, दहिवडीपासून चालत दोन तास. धाब्याचं दोन खणांचं घर, आणि मधल्या अर्ध्या भिंतीपलीकडं गोठा. म्हणजे आम्ही आणि जनावरं एकाच छपराखाली झोपायचो म्हणा ना. सकाळी जाग यायची ती जात्याच्या घरघरीनं, आणि तिच्यात मिसळलेल्या गाईच्या रवंथाच्या आवाजानं. मग चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायला लागायचं. त्याला वरून लसणीची फोडणी बसली की तो चुर्र आवाज आणि तो वास! सांगलीत मी कितीदा करून बघितलं, हुलगे गावाकडनं मागवले, पण ते माडगं काही जमत नाही. सूनबाई म्हणते, “आई, चांगलं झालंय की!” तिला काय सांगायचं? तिनं ते खाल्लंच नाही. बाजरीची भाकरी, माडगं, कांदा आणि शेरडीच्या दुधाचा गुळाचा चहा, एवढ्यावर आमचा दिवस सुरू व्हायचा आणि कुणाला काही कमी आहे असं वाटायचं नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. एक पाय अधू घेऊन आले आणि सोबत सायबावरचा विश्वास घेऊन आले. खाकी कोट पितळी बटणांसकट खुंटीला टांगलेला असायचा आणि दर आठवड्याला राखेनं बटणं घासायचे. सायबाच्या सहीचा एक कागद पत्र्याच्या नळीत जपून ठेवलेला. कचेरीतला शिपाई दिसला तरी आबा टाच जुळवायचे. आई चिडवायची, “उद्या गाडवाच्या गळ्यात पट्टा दिसला तर त्येलाबी सलाम ठोकाल!” आबा हसायचे, पण त्यांची खात्री ठाम होती: जगात काही व्हायचं असेल तर ते वरच्या माणसाच्या शब्दानं होतं. आईची खात्री तेवढीच ठाम होती की वर म्हणजे फार वर. दोघांचं त्यावरून रोज वाजायचं आणि रोज जेवणापाशी मिटायचं.

दुसरी लढाई लागली तेव्हा माझा थोरला भाऊ संभादादा फौजेत गेला. त्याला नेलं रावसाहेबांनी. रावसाहेब कोरेगावकडचे मोठे बागायतदार. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं भली आहेत आणि त्यातली एक माझ्या हाताखाली शिकून गेली. गावोगाव फिरून भरतीला पोरं जमवायची, हे त्यांचं त्या काळातलं काम, आणि त्याबद्दलच सरकारनं ती ‘रावसाहेब’ पदवी दिलेली. दादा ज्या दिवशी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची खिल्लार गाय व्याली. पांढरंशुभ्र, कानाच्या टोकाला काळं, हरणासारखं पायावर नाचणारं खोंड. आईनं ते अजून ओलं असतानाच देवळाकडं तोंड केलं आणि म्हणाली, “सिदोबा, हे तुझं. माझा संभा तुझ्या हातात दिला, हे खोंडबी घे.” म्हणजे दुधाचे दात पडून दोन मोठे दात आले की त्याला त्रिशूळाचा डाग द्यायचा आणि देवाच्या नावानं मोकळं सोडायचं. असा वळू मग कुणाच्याही रानात चरतो, त्याला कुणी हाकलत नाही, गोरगरिबांच्या गाई त्याच्यावर फळतात, आणि त्याला विकायचा किंवा जुंपायचा हक्क कुणालाच राहत नाही. आबा म्हणाले, “आगं, नवस फळल्यावर फेडत्यात. तू तर आधीच फेडाया निघालीस.” आई म्हणाली, “नवस कुठं केला? दिलं म्हंजी दिलं.”

हरण्या वाढला. माझ्याच हातानं वाढला म्हटलं तरी चालेल, कारण चौथी झाल्यावर शाळा थांबली होती आणि त्याला पाण्यावर न्यायचं काम माझ्याकडं होतं. अंगणातनं निघालो की लोक बघत राहायचे. मला वाटायचं, माझ्याकडंच बघतात! दादाची पत्रं यायची, मी मोठ्यानं वाचायची. मलायात पाऊस फार, भात रोज, भाकरी नाही, हरण्याला शिंगं आली का. मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. टपालवाले शेखचाचा एका बाजाराच्या दिवशी पत्र घेऊन आले, ते आमच्या हातात दिलंच नाही, खाली बसले आणि म्हणाले, “आक्का, आदी पाणी प्या.” दादा बेपत्ता होता. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. चाचांनीच डोळे पुसले.

त्यानंतर आबा सुटले ते साताऱ्याच्या वाटेला. कोट चढवायचा, नळी काखेत, आणि कचेरीच्या पायरीवर दिवसभर उभं राहायचं. कारकुनाला सलाम, शिपायाला सलाम. दोन दिवसांनी धुळीनं माखून परत यायचे आणि म्हणायचे, “चौकशी चालू हाय म्हनत्यात.” जेवण अर्धं टाकायचे. आई त्यांच्या ताटातली उरलेली भाकरी गाईला घालायची आणि देवळात जाऊन सिदोबाला झापून यायची. असं वर्षभर चाललं. घरात हसणं बंद झालं, जात्यावरचं गाणंसुद्धा आई मनातल्या मनात म्हणायला लागली.

अशात रावसाहेब पुन्हा भरतीसाठी आमच्या वाडीत आले. चावडीपुढं बाज टाकलेली, गाव गोळा झालेलं, आणि मी हरण्याला पाण्यावरनं घेऊन तिथूनच निघाले. रावसाहेब बोलता बोलता थांबले. उठून जवळ आले, हरण्याच्या पाठीवरनं हात फिरवला, तोंड उघडून दात बघितले. दोन दात नुकतेच आले होते. म्हणाले, “कुनाचा रं ह्यो?” आबा पुढं झाले, टाच जुळवली. रावसाहेबांना हरण्या हवाच होता. त्यांनी आपल्या दलालाला खूण केली आणि आबांना म्हणाले, “पैसा तर देतोच. वर तुझ्या पोराची चौकशी थेट पुन्याच्या मोठ्या सायबाकडं लावतो. मीच घातला ना त्येला फौजेत? मीच हुडकून काढतो.” दलालानं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि आबांपुढं धरला. आमच्याकडं जनावराचा सौदा बोलून होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून काय ते ठरवायचं, आणि हात बाहेर आले की शब्द पक्का. मग बापजन्मी कुणी मागं फिरत नाही. जो फिरेल त्याच्याशेजारी बाजारात कुणी उभं राहत नाही. मी कासरा धरून उभी होते. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा हात रुमालाखाली गेला. सोमवारी रावसाहेब स्वतः न्यायला येणार असं ठरलं.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. आबांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. आईनं थापणं थांबवलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं आणि मग विचारलं, “हरन्या कुनाचा?”

“आपला.”

“आपला न्हाई. सिदोबाचा. तुमी दुसऱ्याचं जनावर इकून आला.”

आबांचा आवाज चढला. “तुझ्या सिदोबानं वरीसभर काय केलं गं? एक कारड आनलं का पोराचं?”

“आन तुमच्या सायबानं?”

“सायबापतूर आपला शबुद गेलाच न्हाई! रावसायेब पोचवनार हाईत. त्यांच्या एका चिठ्ठीनं हालतं सगळं. संभा यावा असं वाटत न्हाई व्हय तुला?”

तेव्हा आईच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते तसंच वाहू देत ती म्हणाली, “आवं, नऊ म्हैनं म्या व्हायलाय त्येला. पन ज्येच्या हातात ल्योक दिलाय, त्येच्याच हातातनं वासरू काढून घिऊ? उद्या कोन्त्या तोंडानं उभी ऱ्हाऊ? म्हनू काय, सिदोबा, तुझ्यावर भरवसा न्हाई, म्या दुसरा बघितला?”

आणि मी? मी आबांच्या बाजूची होते. मला दादा हवा होता. हरण्या जीव की प्राण होता, पण दादापुढं हरण्या काय? मी आईला म्हटलं, “तुला दादापरीस देव मोठा!” हे वाक्य मी कधी विसरले नाही. आईनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला जवळ ओढलं आणि तव्यावरची भाकरी करपून गेली तरी सोडलं नाही.

दोन दिवस हे भांडण जेवणापाशीसुद्धा मिटलं नाही. रविवारी सकाळी आईनं हरण्याला ओढ्यात नेऊन घासून काढला, शिंगांना तेल लावलं, कपाळाला हळद भरली आणि मला म्हणाली, “चल, लोहाराकडं.” डाग द्यायचं काम लोहाराचं. पण गावात सौदा सगळ्यांना माहीत झालेला. आमचा लोहार रावसाहेबांच्या मळ्यातली कामं करायचा. तो हात जोडून म्हणाला, “वैनी, माझ्या पोटावर पाय यील. तिरसूळ न्या, कोळसं न्या, पन मला हात लावाया लावू नगा.” आईनं त्रिशूळाची सळई उचलली, लोखंडी पाटीत निखारे घेतले, आणि आम्ही देवळापुढं गेलो. गाव जमलं, पण लांब. मी कासरा गच्च धरलेला. सळई लाल झाली. बाई डाग देते असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आईनं पदर खोचला आणि सळई उचलली, पण हरण्या मागं सरत होता आणि तिला नेम धरता येईना. आई त्या दिवशी पहिल्यांदा सिदोबाशी एक शब्द बोलली नाही.

तेवढ्यात लोकांमधनं आबा आले. अंगात खाकी कोट, पाय ओढत. मला वाटलं, आता सळई हिसकून फेकणार. ते सरळ हरण्याच्या तोंडाशी गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, “थांब. तुझ्या हातनं वाकडा लागंल.” आईच्या हातातनं सळई घेतली, कोळशात पुन्हा धरली, आणि हरण्याच्या उजव्या पुठ्ठ्यावर एका दमात टेकवली. केस जळल्याचा वास आला, हरण्यानं हंबरडा फोडला, कासरा माझ्या हातातनं सुटला. आबा रडत होते. उघडपणे, सगळ्या गावापुढं, नाक ओढत. आईनं तेल-हळदीचा बोळा डागावर दाबला आणि आबांनी हरण्याच्या गळ्यातलं दावं कापलं. तो काही जाईना. तसाच उभा. शेवटी आईनं त्याच्या पाठीवर थाप मारली, “जा की रं, आता काय सोयरीक जुळवायची हाय व्हय?” तेव्हा गावातली माणसं हसली आणि पुढं आली.

घरी येताना मी आबांना विचारलं, का केलं म्हणून. ते म्हणाले, “फौजेत पहाऱ्यावर उभं करत्यात नव्हं, तवा सांगत्यात, ज्येची चीज त्येच्याच हातात द्याची, मधी कुनी जरनेल आला तरी द्याची न्हाई. दोन दिस त्येच याद येत हुतं.” म्हणजे बघा, आबांना देवापर्यंत नेलं तेसुद्धा त्यांच्या सायबाच्या शिकवणीनं! मला त्याचं अजून हसू येतं.

पण खरी परीक्षा सोमवारची होती. रावसाहेबांचा टांगा आला. देवळापुढं हरण्या चिंचेखाली उभा, पुठ्ठ्यावर ताजा डाग. रावसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आबांनी नेहमीसारखी टाच जुळवली, सलाम केला आणि म्हणाले, “रावसायेब, जी चीज माझी न्हवती ती म्या इकली. चूक माझी हाय. शिक्षा काय द्याची ती मला द्या. पन हरन्या सिदोबाचा हाय.”

“आन तुझं पोरगं?” रावसाहेब गरजले.

आबांनी आईकडं बघितलं. मग म्हणाले, “पोरगंबी त्येचंच हाय.”

“मग सांग त्येलाच हुडकाया!” असं म्हणून त्यांनी टांगा वळवला. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे होतो.

पुढं बरेच दिवस बाजारात आबांशेजारी कुणी उभं राहिलं नाही. पण गंमत सांगते, आबांना त्याचं काही वाटेना. कचेरीच्या वाऱ्या बंद झाल्या. कोट खुंटीवरच राहिला आणि बटणं हिरवी पडली. जेवण पुरं व्हायला लागलं. कधी कधी तर ते आईबरोबर देवळात जायचे आणि ती भांडत असताना मधेच म्हणायचे, “आगं, त्येला बोलू तरी दे की.” आई पुन्हा जात्यावर मोठ्यानं गायला लागली. हरण्या रानभर हिंडून दुपारी आमच्या दारात यायचा, माडग्याचं भांडं चाटून जायचा. शेजारीण म्हणायची, ल्योक बेपत्ता आणि ह्यांना हसू कसं सुचतं? मलाही कळत नव्हतं. दादाची आठवण यायचीच. मी एकटी असले की रडायची. पण घरातली ती जीव टांगलेली भीती मात्र गेली होती. कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. खोटं वाटेल, पण माझ्या लहानपणातले सगळ्यांत सुखाचे दिवस मी तेच धरते.

वर्षानं रावसाहेब पुन्हा आले. या वेळी टांगा वेशीबाहेर ठेवून चालत, एकटे, दुपारच्या उन्हात. आईनं घोंगडं टाकलं, ताक दिलं. त्यांनी खिशातनं एक कागद काढला. टाइप केलेला इंग्रजी कागद. मला वाचता येईना, त्यांनीच सांगितला. त्या सोमवारी रागानं घरी गेले, पण पत्र त्यांनी तरीही धाडलं होतं. पुण्याच्या मोठ्या सायबाकडनं आलेलं उत्तर हे: माहिती उपलब्ध नाही. रावसाहेब म्हणाले, “एवढीच माझी पोच. आबा, हरन्या नेला असता आन वर ह्योच कागद दिला असता.” आबा म्हणाले, “असू द्या, रावसायेब. तुमी तरी काय करनार?” मग रावसाहेबांनी आईला विचारलं, “वैनी, तुमी सिदोबाला संभाचं सांगता न्हवं? माझ्या शबदावर गेलेली आनखी लय पोरं हाईत. त्यांचंबी सांगाल?” आई म्हणाली, “नावं सांगा.” त्यांना सगळी नावं पाठ होती. गाव, बापाचं नाव, पोराचं नाव. मी पाटीवर लिहून घेत गेले, पाटी भरली, मागच्या बाजूनं लिहिली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिच्याकडनं ती पाठ करून घेतली. त्या दिवसापासून देवळात भांडण कमी आणि नावंच जास्त झाली. दादाचं नाव ती शेवटी घ्यायची.

लढाई संपली आणि दादा जपान्यांच्या कैदेतनं सुटून आला. नुसती हाडं, पुढचे दात गेलेले, दहिवडीच्या रस्त्यानं चालत. आई रानात होती. ती धावली नाही. बांधावर मटकन खाली बसली आणि दादाच तिच्याकडं धावला. आबांनी सलाम केला नाही, मिठी मारली. पाटीवरची काही पोरं आली, काही आली नाहीत. जी आली नाहीत त्यांच्या घरी आई एकेक करून जाऊन आली, कोरेगावपर्यंत चालत गेली. तिथं काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही.

म्हातारपणी आई माझ्याकडं सांगलीला येऊन राहिली. एकदा अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. इतक्या वर्षांचा प्रश्न माझ्या तोंडातनं निघून गेला. “आये, दादा आला नसता तर गं? हरन्या देऊन टाकला, रावसायबाला दुखावलं, आन दादाबी आला नसता तर? मग काय केलं असतंस तुझ्या सिदोबाचं?”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी मास्तरीण कशी झाले हेच तिला कळेना.

“मग तर त्यो मला जास्तच लागला असता, येडे,” ती म्हणाली. “येवढं रडाया कुनाफुडं गेली असती म्या?”